रात्री दोन वाजता मंगळावर

या वेळचं पत्र सांगलीहून आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"ताई, सप्रेम नमस्कार. वय ५१. दिवसा एका कापड दुकानाचे हिशेब लिहिते. दीड वर्षापासून सासूबाई अंथरुणावर आहेत. फुप्फुसं कमजोर झालीत, घरी ऑक्सिजनचं मशीन लावलंय. रात्री त्यांच्याजवळ मी असते. दर दोन तासांनी कूस बदलायची, बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहायचा. त्यांना झोप नसते, छताकडे बघत पडून राहतात. मलाही नसते.

लेक दिवाळीला आली तेव्हा एक इंग्रजी कादंबरी विसरून गेली. अँडी वीअर यांची 'द मार्शियन'. मंगळावर एकटा मागे राहिलेल्या माणसाची. माझं सगळं शिक्षण मराठीतून, दहावीला विज्ञानात काठावर पास. तरी फोनवर शब्द बघत बघत बावीस रात्रींत पुरी केली. मग तशाच आणखी दोन मागवल्या. सगळ्या अवकाशातल्या.

आमची दहा जणींची पुस्तकभिशी आहे. तिथे मी हे बोलले, तर आमच्यातल्या एक निवृत्त प्राध्यापिका म्हणाल्या, 'अगं, ती पोरांची पुस्तकं. आपल्या वयात माणसं वाचावीत, यानं नाही.' सगळ्या हसल्या. लागलं मला ते. घरात ह्यांचं वेगळंच. म्हणतात, 'आई इथे अशी पडलीय आणि तू मंगळावर.'

मागच्या महिन्यात रात्री लाइट गेली. आमचा इन्व्हर्टर मशीनला पुरत नाही. सिलिंडर जोडला आणि कालनिर्णयच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाखाली गणित मांडलं, हा किती वाजेपर्यंत पुरेल. हात थरथरला नाही. त्या वेळी मला मंगळावरचा तो माणूस आठवला. नंतर लाज वाटली, घरात हे चाललंय आणि माझ्या डोक्यात गोष्ट.

पुढच्या महिन्यात भिशीत पुस्तक सांगायची पाळी माझी आहे. दुसरं एखादं चांगलं पुस्तक घेऊ का? आणि मी खरंच पळ काढतेय का?
रात्रपाळीवाली, सांगली"

प्रिय रात्रपाळीवाली,

तुमच्या पाळीला हेच पुस्तक सांगा. दुसरं शोधत बसू नका. आणि पळ काढणाऱ्या बाईला रात्री दोन वाजता सिलिंडरचा हिशेब जमत नाही. दोन्ही प्रश्नांची माझी उत्तरं ही आहेत. आता ती अशी का, ते सविस्तर लिहिते, कारण भिशीत तुम्हाला बोलावं लागेल आणि घरातही.

मी एकतीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात होते, त्यातली बरीचशी देवघेवीच्या खिडकीत. कुठलं पुस्तक कोण नेतं, हे खिडकीत बसल्यावर जेवढं कळतं तेवढं परीक्षणं वाचून कळत नाही. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगते. अवकाशातल्या, यानातल्या, परग्रहावरच्या गोष्टी मी बालविभागाच्या कपाटात लावल्या होत्या. तुमच्या प्राध्यापिकाबाईंसारखाच माझा समज होता. एके दिवशी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक आले आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची गोष्ट मागू लागले. लहान मुलांच्या कपाटापुढे त्यांना मांडी घालून बसावं लागलं. गुडघे दुखत होते त्यांचे. पुस्तक परत आलं तेव्हा आत खूण म्हणून एसटीचं तिकीट होतं आणि तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात भागाकार. व्हर्नने १८६५ मध्ये लिहिलं होतं की आत तीन माणसं बसलेला, तोफेतून सुटलेला गोळा ९७ तास २० मिनिटांत चंद्रावर पोचेल. मेकॅनिककाकांनी चंद्राचं अंतर, म्हणजे ३ लाख ८४ हजार किलोमीटर, त्या तासांनी भागून बघितलं होतं. ताशी साधारण चार हजार किलोमीटर. खाली लिहिलं होतं, "आतली माणसं सुटतानाच चेंगरतील."

बरोबर होतं त्यांचं. तोफेच्या धक्क्याने तिघेही जागच्या जागी मेले असते. पण म्हणून त्यांनी पुस्तक टाकून दिलं नाही. पुन्हा नेलं, दोनदा. त्या आठवड्यात मी ती सगळी पुस्तकं बालविभागातून उचलली आणि मोठ्यांच्या कपाटात, डोळ्यांच्या उंचीला लावली. तारखेच्या चिठ्ठ्या भरभर भरू लागल्या. शिंपी नेत होते, तलाठी नेत होते, बालवाडीच्या ताई नेत होत्या. ही माणसं पोरं नव्हेत, आणि पोरांसारखी वाचतही नव्हती. परत करताना खिडकीत उभं राहून माझ्याशी वाद घालायची.

तुम्ही लिहिता की विज्ञानात काठावर पास झाले आणि तरी इंग्रजी कादंबरी पुरी केली. हे 'तरी' मला फार महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला ती समजली, यात तुमच्या चिकाटीचा भाग आहेच, पण लेखकाच्या कष्टांचाही आहे. ते कष्ट दिसत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं पुस्तक हलकं आहे.

त्यातला पाण्याचा प्रसंग आठवा. मंगळावर मागे राहिलेल्या मार्क वॉटनीकडे एकट्यापुरतं तीनशे दिवसांचं अन्न आहे आणि पुढची माणसं यायला चार वर्षं. बटाटे लावायचे तर पाणी हवं. यानाचं उरलेलं इंधन, हायड्रॅझीन, फोडून तो त्यातून हायड्रोजन काढतो आणि तो जाळून पाणी करायचा बेत करतो. हायड्रॅझीन हा शब्द तुम्ही त्याआधी कधी ऐकला नसेल. तरी त्या दोन पानांत तुम्हाला काय हवं, काय घाबरण्यासारखं आहे, कुठे हात भाजेल, सगळं लख्ख दिसतं. मग भडका उडतो आणि तो जेमतेम वाचतो. का उडाला, हे तो मागाहून शोधतो. त्याने सगळ्याचा हिशेब धरला होता, फक्त स्वतःचा श्वास विसरला. मुखवट्यातून तो जो श्वास बाहेर सोडत होता, त्यात न वापरलेला ऑक्सिजन होता. तो खोलीत साठत गेला आणि साठलेल्या हायड्रोजनने पेट घेतला.

मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. रसायनशास्त्राचा पूर्ण धडा आहे तो, आणि माणूस किती सहज स्वतःला हिशेबातून वगळतो तेही त्यात आहे. लेखक त्यावर भाष्य करत नाही. चूक दाखवतो आणि कामाला लागतो. प्राध्यापिकाबाई म्हणतात माणसं वाचावीत, तर हा माणूसच आहे की. तुम्ही रात्रभर सासूबाईंचा ऑक्सिजन मोजता. तुमच्या स्वतःच्या श्वासाचा हिशेब त्या वहीत कुठे आहे? यावर मी पुढे येणार आहे.

वीअर मुळात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे. ही कादंबरी त्यांनी २००९ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण फुकट टाकत लिहिली, आपल्याकडे मासिकात क्रमशः यायची तशी. वाचणाऱ्यांत रसायनशास्त्र जाणणारे होते, ते चुका कळवायचे आणि हे दुरुस्त करायचे. वाचकांनीच मागणी केली म्हणून २०११ मध्ये किंडलवर, म्हणजे ई-पुस्तक म्हणून, आली, ९९ सेंटला, त्याहून कमी किंमत तिथे ठेवताच येत नव्हती. छापील पुस्तक मोठ्या प्रकाशकाकडून २०१४ मध्ये निघालं. म्हणजे ती वाचकांच्या सोबतीने, त्यांच्या शंका ऐकत ऐकत तयार झाली आहे. तुम्हाला सांगलीत बसून ती कळते याचं एक कारण हे आहे. जिथे वाचक अडत होता तिथली वाट आधीच साफ केलेली आहे.

आता अवकाशच का? साहस तर जंगलातही होतं, समुद्रावरही होतं. मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि माझं उत्तर तुमच्या पत्राने पक्कं झालं.

जमिनीवर हवा फुकट आहे. उबही बरीचशी फुकट आहे. पाणी नळाला येतं, निदान एक दिवसाआड येतं. त्यामुळे जगायला नक्की काय काय लागतं, हे आपल्याला दिसतच नाही. घरातून अवकाशात गेलं की यातलं काहीच फुकट उरत नाही. प्रत्येक घोट, प्रत्येक अंश, प्रत्येक श्वास कुणीतरी मोजून भरलेला असतो. तिथे घर चालवणं हेच साहस होतं. यान म्हणजे शेवटी एक बंद घर, आणि त्यात काय शिल्लक आहे हे ज्याला पाठ असतं तो वाचतो. आयुष्यभर तांदळाच्या डब्यात हात घालून किती दिवस जातील हे सांगणाऱ्या बायकांना ही पुस्तकं परकी वाटायचं काही कारणच नाही. त्यांना फक्त कुणी सांगितलं नाही की ही त्यांचीही आहेत.

तुमच्या घरात सिलिंडर आला त्या दिवशी हवा फुकट राहिली नाही. तेव्हापासून तुम्ही यानातच आहात.

गोष्टीबाहेरचं एक खरं उदाहरण भिशीत सांगण्यासारखं आहे. एप्रिल १९७०, अपोलो १३. चंद्राच्या वाटेवर ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघांना चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घ्यावा लागला. ते यान दोघांसाठी बांधलेलं. त्यात प्राणवायू पुरेसा होता. धोका होता तो सोडलेल्या श्वासाचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा. तो शोषणारे डबे मोठ्या यानात भरपूर होते, पण ते चौकोनी, आणि छोट्या यानातली जागा गोल. मग जमिनीवरच्या लोकांनी, यानात जे सामान आहे तेवढंच समोर घेऊन, प्लास्टिकच्या पिशव्या, पोशाखाच्या नळ्या, वहीचे पुठ्ठे आणि चिकटपट्टी यांचा जोड तयार केला आणि रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवली. वर तसाच जोड तयार झाला. तिघे परत आले. चौकोनी डबा गोल तोंडाला बसवायची ती धडपड ऐकून दहापैकी एकही बाई म्हणणार नाही की हे पोरांचं आहे. आपल्यापैकी प्रत्येकीने कुकरच्या नाहीतर गाळणीच्या बाबतीत काहीतरी असं केलेलं असतं.

आणि हे सगळं फार दूरचंही नाही. अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर वर फिरतं. सांगलीहून मुंबई जेवढी लांब, जवळपास तेवढंच. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तिथे होते, तेव्हा त्यांनी मेथीचे आणि मुगाचे दाणे रुजवून बघितले. वॉटनीचे बटाटे आठवले की नाही? मला तर बातमी वाचल्याबरोबर आठवले.

प्राध्यापिकाबाईंचा मान ठेवूनच बोला. त्यांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे, ते आधी तुम्हीच कबूल करा. या कादंबऱ्यांतली माणसं कधी कधी पातळ असतात. वॉटनी एवढा एकटा, पण त्याचं दुःख खोलवर फारसं उघडत नाही. दिवसचे दिवस कुणाचा आवाज नाही, हे कसं सोसवतं, याची दोन पानं मला जास्त हवी होती. काहींत तर नुसती युद्धं, एकामागून एक दहा खंड, नावं लक्षात राहत नाहीत. तसल्या मी अर्ध्यात सोडल्या आहेत, तुम्हीही सोडा. विज्ञानातही चुका असतात. 'द मार्शियन'ची सुरुवातच ज्या वादळाने होते, तसं वादळ मंगळावर होणार नाही. तिथल्या हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी, एवढ्या विरळ हवेच्या वाऱ्याने यान कलंडणार नाही. लेखकालाही हे ठाऊक होतं, गोष्ट सुरू व्हायला त्यांनी ते घेतलं. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, ते २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडले, त्यामुळे बटाटे लावण्याआधी माती धुवावी लागेल. एवढं सांगून टाका. चुका आपण आधी सांगितल्या की समोरच्याला ऐकायला जागा होते.

मग कऱ्हाडची आठवण काढा, तुमच्या जवळचंच गाव. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. खरे लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण आपली गोष्ट नावावर न जाता गोष्ट म्हणून उतरते का, हे त्यांना बघायचं होतं. पुढल्याच वर्षी कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष दुर्गा भागवत. त्यांनी अध्यक्षीय भाषणात या नव्या लेखनाची दखल घेतली. दुर्गाबाईंनी जे मराठी साहित्यात धरलं, ते तुमच्या भिशीत पोरांचं म्हणून बाजूला काढू नये, एवढं म्हणायला हरकत नाही. प्राध्यापिकाबाईंना दुर्गाबाई नक्की प्रिय असणार.

भिशीत भाषण मात्र करू नका. वीस मिनिटं असतील तर पंधरा पुस्तकालाच द्या. पाण्याच्या प्रसंगाची ती दोन पानं तुमच्या मराठीत सांगा आणि भडका उडाला की थांबा. विचारा, काय विसरला असेल? सगळ्यांना विचार करू द्या. कुणीतरी म्हणेल गॅस उघडा राहिला, कुणी म्हणेल ठिणगी. कुणालाच श्वास सुचला नाही, तर थोडा वेळ तसंच राहू द्या आणि मग सांगा. त्यानंतर तुमच्या कालनिर्णयचं ते पान पिशवीतून काढा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर, मिनिटाला दोन लिटर, म्हणजे साडेसातशे मिनिटं, साडेबारा तास. तुमचा आकडा वेगळा असेल, तुमचा सिलिंडर तुम्हाला माहीत. पण ते पान त्या दहा जणींनी बघितलंच पाहिजे. पुस्तक कसं वाचलं गेलं याचा त्याहून चांगला पुरावा मी एकतीस वर्षांत एकदाच पाहिला, एसटीच्या तिकिटामागे.

लाइट गेली तेव्हा गोष्ट आठवली याची तुम्हाला लाज वाटली. मला त्यात तुमचं शहाणपण दिसतं. बावीस रात्री तुम्ही एका माणसाच्या शेजारी बसून बघितलं होतं की घाबरल्यावर काय करायचं असतं. आधी किती आहे ते मोजायचं, मग किती लागतं ते मोजायचं, मग भागायचं. प्रसंग आला तेव्हा तुमचा हात त्याच क्रमाने गेला. दुसरी कुणी असती तर शेजाऱ्यांचं दार वाजवत बसली असती. आणि तुमच्या मिस्टरांचं ते 'तू मंगळावर' म्हणणं. त्या रात्री तुम्ही आईच्या उशाशीच होतात. हे त्यांना एकदा शांतपणे, भांडण न करता, ते पान दाखवून सांगा.

त्याच वेळी दुसरंही सांगा. दीड वर्ष एकच माणूस रात्रपाळी करतं, हे कुठल्याही यानात चालत नाही. सतत कुणी जागं राहायचं तर पाळ्या लावाव्या लागतात, आणि ज्याची पाळी संपली त्याने झोपायचं. आठवड्यातल्या दोन रात्री तुमच्या मिस्टरांनी घ्याव्यात. कूस कशी बदलायची, ऑक्सिमीटरचा आकडा किती खाली गेला की डॉक्टरांना फोन करायचा, सिलिंडरची चावी कुठे असते, हे एका कागदावर लिहून मशीनजवळ लावा. पहिल्या रात्री त्यांच्याकडून एकदा सिलिंडर जोडून घ्या. तुम्हाला बरं नसेल त्या रात्री हे कुणालातरी यायला हवं. आणि इन्व्हर्टर मशीनला पुरेल असा बघा, नाहीतर दुसरा भरलेला सिलिंडर घरात ठेवा. डॉक्टरांना विचारून ठेवा. सासूबाईंची काळजी म्हणून सांगते आणि तुमचीही. तो माणूस स्वतःचाच श्वास विसरला होता.

पुढे काय वाचायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ग्रंथपालाला राहवत नाही. आर्थर सी. क्लार्क यांची 'अ फॉल ऑफ मूनडस्ट' मिळवा, १९६१ ची आहे, इंग्रजी सोपं. चंद्रावर अतिशय बारीक धुळीचा एक समुद्र आहे, त्यावरून पर्यटकांना फिरवून आणणारी बोट. जमीन हादरते आणि बोट धुळीत बुडते. आत बावीस माणसं. वर काहीच दिसत नाही, धूळ पुन्हा सपाट. खरा चंद्र तसा नाही. १९६६ मध्ये तिथे यानं अलगद उतरली तेव्हा जमीन टणक निघाली. पण त्याआधी खोल धुळीची शक्यता शास्त्रज्ञही गांभीर्याने मांडत होते, त्यामुळे क्लार्कनी हवेतलं काही घेतलेलं नाही. ती बोट शोधतात कशी, ते मी सांगत नाही, इतकंच सांगते की त्यात उष्णतेचा संबंध आहे.

ही कादंबरी सुचवण्याचं कारण वेगळंच आहे. बोटीतली माणसं सुटकेची वाट बघत बसलेली असतात. उकाडा वाढत जातो, हवा बिघडत जाते, आणि भीतीने कुणी खचू नये म्हणून ती माणसं बोटीत सापडलेली पुस्तकं एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतात. ते वाचताना मला तुमच्या पत्रातली ती ओळ आठवली. त्यांना झोप नसते, छताकडे बघत पडून राहतात.

सासूबाईंना सांगा ना वॉटनीची गोष्ट. दीड वर्ष त्या एकाच खोलीत आहेत, नळी लावलेली, खिडकीबाहेरचं दिसत नाही. रोज रात्री दोन पानं, तुमच्या शब्दांत, मराठीत. वॉटनीचं नाव बदलून आपल्याकडचं करायचं तर करा, त्या हसतील. हायड्रॅझीन म्हणजे काय हे त्यांना समजावता आलं, तर भिशीत दहा जणींना समजावणं तुम्हाला जड जाणार नाही. बटाट्याचं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. माती कशी हवी, डोळा किती मोठा ठेवून फोड करायची, किती दिवसांत कोंब येतो. विचारा त्यांना. त्या वॉटनीच्या चुका काढतील, आणि तुम्ही त्या वहीत ऑक्सिमीटरच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.

दम लागत असेल तर त्यांना बोलायला लावू नका. हो-नाहीपुरता हात दाबायचा, एवढं ठरवलं तरी पुरे.

पत्रात एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलीच नाहीत. मी दोनदा उलटून बघितलं. त्या रात्री गणित मांडलं, सिलिंडर किती वाजेपर्यंत पुरेल ते काढलं, पण लाइट किती वाजता आली? कळवा.